"तुम्ही खेळा, मी टाळ्या वाजवते"

आज सोसायटीत मंगळागौरीच्या खेळांची प्रॅक्टिस होती. झिम्मा झाला, पिंगा झाला, बसफुगडीला सगळ्या सरसावल्या आणि एकजण हळूच मागे सरकली. "तुम्ही खेळा, मी टाळ्या वाजवते. पायात गोळा आलाय." कोण ते सांगणार नाही, ओळखलंत तरी गप्प बसा. वय चाळिशीच्या आतलं, धाकटं पोर दोन वर्षांचं. तेवढ्यात आमच्यातलीच एक म्हणाली, "गोळाबिळा काही नाही, हिची टाकी गळते!" बारा-पंधरा बायका खो खो हसल्या. मीही हसले. आणि घरी आल्यापासून मला आईचा तो पाण्याचा पेला आठवतोय.

पाच-सहा वर्षांपूर्वी भाचीचा साखरपुडा होता. आई साताऱ्याहून एसटीने पुण्याला आलेली. जेवणं झाली, विडे झाले, मंडळी पांगली, तरी बाई खुर्चीवरून उठेना. मी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिने समोरचा पेला उचलला आणि पाणी मांडीवर सांडलं. मी चारचौघांत खेकसले, "आई, जरा बघून! नवी साडी आहे ना?" ती म्हणाली, "हो गं, धांदरटच मी."

साडी आधीच लघवीने ओली होती. हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही तिच्या पिशवीत जुन्या लुगड्याच्या घड्या सापडल्या म्हणून.

त्या दिवशी तिने साताऱ्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. आपण सगळ्या हेच करतो ना? प्रवास आहे, पाणी नको. लग्न आहे, पाणी नको. आणि पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, लघवीची पिशवी जास्तच चिडते, वर बद्धकोष्ठ, मग कुंथणं, म्हणजे खालचे स्नायू आणखी सैल. (एसटी स्टँडवरच्या संडासांमुळे पाणी तोडावं लागतं, हे कबूल. त्यावर लिहायला बसले तर रात्र जाईल.)

मग नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. मान वर न करता म्हणाले, "आजी, या वयात चालायचंच. डायपर वापरा." चालायचंच! बाबांना प्रोस्टेटचा त्रास सुरू झाला तेव्हा घर हललं होतं. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, दोन-दोन डॉक्टरांचं मत, रात्री कितीदा उठले याची जेवताना चर्चा. बाबांची लघवी हा घरचा प्रश्न आणि आईची लघवी हा आईचा धांदरटपणा. सगळे डॉक्टर तसे नसतात, मान्य. आपणही तिथे जाऊन गुडघे आणि बीपी दाखवून परत येतो, तेही मान्य. पण विचारायला काय जातं?

दुसऱ्या बाई डॉक्टरांनी विचारलं. खोकताना-शिंकताना गळते, की लागल्यावर संडासापर्यंत पोचेस्तोवर धीर निघत नाही? आम्हाला दोघींना माहीतच नव्हतं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत खालचे स्नायू ढिले पडलेले असतात, दुसरीत पिशवी नको तेव्हा आवळते. आईला दोन्ही होतं. लघवी तपासली, शुगर तपासली, अंग बाहेर येतंय का, म्हणजे गर्भपिशवी वगैरे खाली सरकलीय का, ते पाहिलं आणि तीन दिवसांची वही लिहायला सांगितली. काय प्यायलं, किती, कधी गेलं, कधी गळलं. आईने ती कॅलेंडरच्या मागे दुधाच्या हिशेबाखाली लिहिली. दिवसाचे पाच चहा बघून तिची तीच ओशाळली.

चहा दोनवर आला. आणि व्यायाम. केगेल नावाच्या अमेरिकन गायनॅकने १९४८ मध्ये मांडलेला, म्हणजे आईच्या जन्माच्याही आधीचा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आवळतो, तेच आवळायचं, धरायचं, पूर्ण सोडायचं. एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, कारण आपण पोट आवळतो, श्वास कोंडतो आणि म्हणतो गुण येत नाही. कंटाळवाणं आहे, नाही म्हणत नाही. आई हरिपाठ म्हणता म्हणता करायची. विठ्ठल समजून घेतो म्हणाली.

पूर्ण थांबलं का? नाही. लांबच्या प्रवासाला अजून पॅड लावते. पण पाणी पिते. यंदा खंडोबाच्या पाली यात्रेला जाऊन आली. आणि व्यायामावर भागत नसेल तर घाईच्या त्रासाला गोळ्या आहेत, अंग खाली येत असेल तर आधाराला आत बसवायची रिंग आहे, ऑपरेशनं आहेत. ऑपरेशनाला धोके असतात, ते डॉक्टरांना खोदून खोदून विचारा. लघवीत रक्त दिसलं तर मात्र विचार करत बसू नका, त्याच दिवशी जा.

बाळंतिणीला आपण सव्वा महिना काय काय करतो. डिंकाचे लाडू, अळीव, मालिश, शेक-शेगडी, कानाला फडकं. "शिंकल्यावर गळते का गं?" हे एकही बाई विचारत नाही. मला दोन्ही बाळंतपणांत कोणी विचारलं नाही. मीही माझ्या वहिनीला विचारलं नाही.

डॉक्टरांकडे जाऊन म्हणायचे शब्द दोनच आहेत. "लघवी गळते." बसल्या बसल्या म्हणायचे, गुडघ्यांच्या आधी. नाहीतर चप्पल घालताना आठवतात आणि बाहेर पेशंटची रांग असते.

टाकीवाल्या बाईवर चार खरमरीत ओळी लिहायच्या म्हणून खरं तर बसले होते. पण टाइप करताना लक्षात आलं, ती स्वतः प्रॅक्टिसला कायम काळ्या सलवारीत येते. श्रावणात, मंगळागौरीला, रोज काळी. मग त्या ओळी पुसल्या.

मागे सरकलेलीला मघाशी मेसेज केला. "मी हसले, चुकलं. आईच्या डॉक्टरांचा नंबर पाठवू?" दोन निळ्या टिका आल्या. पाऊण तासाने फक्त "पाठवा ताई" आलं.

पोस्ट टाकण्याआधी आईला फोन करून विचारलं, तुझी पाण्याची गोष्ट लिहू का. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. साडी कुठली होती तेवढं लिहू नकोस."

नाही लिहिलं.