हेल्दी नाश्ता विकायचाय? आधी वडापावच्या रांगेतला माणूस बघा

मला हल्ली इनबॉक्समध्ये जे मेसेज येतात ते बहुतेक सारखेच असतात. ताई, नोकरी सोडायचा विचार आहे, हेल्दी फास्ट फूडचं काहीतरी सुरू करायचंय, हातात साठ-सत्तर हजार आहेत, फार तर एक लाख होतील, काय करू? आणि खाली मेनू टाईप केलेला असतो. क्विनोआ बाऊल, अॅव्होकॅडो टोस्ट, पाच प्रकारच्या स्मूदी, चार प्रकारची सॅलड्स. एकेकाला उत्तर द्यायला खरंच वेळ मिळत नाही, मी आणि माझी जाऊ विक्रोळीत घरूनच आसपासच्या ऑफिसांना नाश्ता देतो आणि सकाळ त्यातच जाते, म्हणून इथे एकदाच सगळं लिहितेय. लांब झालंय पण ज्यांना मनापासून करायचंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. मुंबईत कमी पैशात हेल्दी खाण्याचा धंदा करायचा तर तुमचं गिऱ्हाईक जिममधून बाहेर पडणारं नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे सकाळी साडेआठला स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीसमोर उभा असलेला माणूस. त्याला पण माहितीये रोज तळलेलं खाऊ नये, डॉक्टरने सांगितलेलं असतं, बायको रोज बोलत असते, पण त्याच्यासमोर त्या वेळेला त्या भावात दुसरं काही नसतंच. बाऊल वगैरे तीनशे-साडेतीनशेला विकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे पैसा आहे, जाहिरात आहे, तिथे एक लाख घेऊन उतरलात तर तीन महिन्यांत संपाल. स्टेशनबाहेरच्या माणसाकडे मात्र कोणी बघतच नाहीये आणि मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण बीपी शुगरच्या गोळ्या त्याच्याही घरी चालू आहेत.

आता वडापाव का चालतो ते नीट बघा. 1966 साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असं सगळे सांगतात, तेव्हापासून आजपर्यंत तो का टिकला? गरम मिळतो, लगेच मिळतो, परवडतो आणि एका हातात धरून खाता येतो. हे शेवटचं लोक विसरतात. मुंबईच्या माणसाच्या एका हातात बॅग नाहीतर मोबाईल असतो आणि डोळा लोकलची वेळ दाखवणाऱ्या इंडिकेटरवर असतो, त्याला तुम्ही डबा, काटाचमचा, वर वेगळी ड्रेसिंगची वाटी देणार असाल तर तो घेणारच नाही. पदार्थ हेल्दी आहे की नाही ते नंतर, आधी एका हातात राहतो का ते घरी उभं राहून खाऊन बघा, खांद्याला बॅग लावून.

आणि असे पदार्थ आपल्याकडे आहेत हो, बाहेरून आणायची गरजच नाही. सायन-माटुंग्याकडून सकाळी सकाळी भोंगा वाजवत सायकलवर इडलीवाले निघतात ते बघा. वाफवलेली इडली, चटणी, सांबार, भाड्याची जागा नाही, एसी नाही, बोर्ड नाही, आणि गिऱ्हाईक रोजचं ठरलेलं. ह्याच्यापेक्षा हेल्दी आणि कमी भांडवलाचं फास्ट फूड मला तरी माहिती नाही. तसंच मुगाचं धिरडं, भाजणीचं थालीपीठ, आप्पे, वाफवलेली कोथिंबीर वडी, उकडलेली अंडी, मटकीची सुकी उसळ, ताक, नाचणीचं आंबील. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा मॉलमध्ये मिलेट कुकीज आल्या, पण नाचणी तर आपल्या कोकणातल्या घरात आधीपासून होतीच ना, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि आंबिलाचा ग्लास वीस-पंचवीस रुपयांत देऊन सुद्धा आपल्याला बरे पैसे सुटतात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त जातो तो मुगाच्या धिरड्याचा रोल. त्याबद्दल सविस्तर सांगते कारण खरं काम कुठे आहे ते कळेल. हिरवे मूग चार-पाच तास भिजवून आलं मिरची जिरं घालून वाटायचे, पाणी अगदी बेताचं, पीठ पातळ झालं की गुंडाळताना धिरडं फाटतं, म्हणून थोडं तांदळाचं पीठ घालायचं. तवा फार तापला तर पीठ पसरायच्या आधीच चिकटून बसतं, म्हणून दर धिरड्याआधी पाण्याचा हबका मारायचा, फडक्याने पुसायचं आणि मग पळी. तेल अर्धा चमचा कडेने. आत किसलेलं गाजर, कोबी, कांदा, आणि चटणी घट्टच पाहिजे, शर्टवर एक थेंब सांडला तर तो माणूस परत येत नाही. बटर पेपरमध्ये गुंडाळायचं पण वरून उघडं ठेवायचं, फॉईलमध्ये घट्ट बंद केलं तर वाफेने ओलं होऊन पाच मिनिटांत लगदा. ही एवढी एकच गोष्ट रोज सारखी जमली ना तरी धंदा उभा राहतो.

म्हणून मेनू छोटा ठेवा. तीन पदार्थ आणि एक पेय, बस. चौदा पदार्थ ठेवले की चौदा पदार्थांचा कच्चा माल आणावा लागतो, त्यातला निम्मा फ्रीजमध्ये सडतो, आणि भाजी फेकणं म्हणजे रोख पैसे फेकणं आहे. तीन पदार्थ सुद्धा असे निवडा की कोथिंबीर, कांदा, मूग सगळ्यांत लागेल.

हिशोबाचं बोलते. मोड आलेल्या मुगाची प्लेट घेऊ. मूग किलोला सव्वाशेच्या आसपास धरा. मोड आले की एका किलोचे दोन किलोच्या वर होतात, म्हणजे दीडशे ग्रॅमची प्लेट धरली तर चौदा-पंधरा प्लेटी, प्लेटमागे मूग आठ-नऊ रुपयांचे. कांदा टोमॅटो लिंबू कोथिंबीर मसाला तेल गॅस मिळून अजून दहा-एक. मग पॅकिंग. पन्नासला विकली तर हातात चांगला पैसा राहतो. मी कच्चा माल विक्रीच्या चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, गेला की एक तर भाव चुकलाय नाहीतर प्लेटचं माप चुकलंय. माप म्हणजे माप, अंदाजाने वाढायचं नाही, वाढायचा डाव ठरवून ठेवायचा. आणि भाव ठरवताना बाजूच्या कॅफेचा बघू नका, दोन वडापाव आणि एक कटिंग मिळून किती होतात ते बघा. तेवढ्यातच त्याचं पोट भरलं पाहिजे.

डिलिव्हरी ॲपवर पहिल्या दिवसापासून जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतेय. कमिशन, त्यावर टॅक्स, वर डिस्काउंटमधला आपला वाटा, वर दिसण्यासाठी जाहिरात, पन्नास रुपयांच्या पदार्थात एवढी माणसं जेवू शकत नाहीत. मग लोक भाव दीडशे करतात आणि आपलं गिऱ्हाईक तिथेच सुटतं. त्यापेक्षा एक बिल्डिंग, एक ऑफिस, एक क्लास पकडा. व्हॉट्सअॅपवर रात्री नऊपर्यंत ऑर्डर घ्या, सकाळी तेवढंच बनवा. उरत नाही, फेकावं लागत नाही, आणि पैसे त्याच दिवशी यूपीआयने हातात.

लाखभर रुपये असतील तर निम्म्याला हातच लावू नका. ते तीन-चार महिने घर आणि माल चालायला लागतात. उरलेल्यात दोन बर्नरची शेगडी, बिडाचे तवे, इडलीपात्र, चांगला मिक्सर, बर्फपेटी, स्टीलचे डबे. भांडी तांबाकाट्याच्या बाजारात जाऊन घ्या, भाजी पहाटे दादरला. मिक्सर सोडून बाकी बऱ्याच गोष्टी सेकंड हँड चालतात. लोगो, छापील टीशर्ट, फोटोशूट ह्यातलं काहीही लागत नाही. घरगुती 14.2 किलोचा लाल सिलेंडर धंद्याला वापरायचा नाही, नियमात बसत नाही, 19 किलोचा कमर्शियल घ्यायचा आणि त्याचं डिपॉझिट आधीच बजेटमध्ये धरायचं. कमी पडले तर सरकारच्या मुद्रा योजनेचं शिशू कर्ज 50,000 पर्यंत तारणाशिवाय असतं, बँकेत जाऊन विचारा, खाजगी सावकाराकडे अजिबात जाऊ नका.

एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, रजिस्ट्रेशन पहिल्या दिवशी. छोट्या धंद्याला बेसिक रजिस्ट्रेशन मिळतं, वर्षाला फी 100 रुपये, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर स्वतः भरता येतं, 14 आकडी नंबर मिळतो. ह्या कामाचे दोन-तीन हजार मागणारे एजंट फिरतात, देऊ नका. रस्त्यावर गाडी लावायची असेल तर मात्र फक्त हा नंबर पुरत नाही, जागेचा परवाना ही वेगळी गोष्ट आहे आणि ती सहजी मिळत नाही, 2014 चा फेरीवाला कायदा असून सुद्धा. परवान्याशिवाय लावलीत तर एक दिवस पालिकेची गाडी येते आणि शेगडीसकट सगळं उचलून नेते. म्हणून मी नवीन माणसाला घरून ऑर्डरवर सुरुवात करा असंच सांगते. सोसायटीत आधी बोलून घ्या, मजल्यावरच्या शेजाऱ्यांना पहिल्या आठवड्यात दोन थालीपीठं नेऊन द्या, फोडणीच्या वासावरून होणारी भांडणं कमी होतात.

स्वच्छतेवर मी कडक आहे आणि तुम्हीही राहा. तेल कमी पण हात घाण तर त्याला हेल्दी म्हणायचं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात गॅस्ट्रो, कावीळ घरोघरी असते. जून ते सप्टेंबर आम्ही कच्चं सॅलड देतच नाही, मोड आलेलं कडधान्य सुद्धा वाफवूनच. मुंबईच्या दमट हवेत फडक्यात बांधलेल्या मुगाला रात्रभरात मोड येतात आणि वेळेत फ्रीजमध्ये टाकले नाहीत तर ते चिकट होतात, आंबूस वास येतो, तो एकदा नाकाला कळला की विसरत नाही. असे मूग धुऊन वापरायचे नाहीत, सरळ टाकून द्यायचे. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली, दोनशे-तीनशे रुपयांत थर्मामीटर मिळतो, घ्या. आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून देऊ नका, छपाईची शाई खाण्यात उतरते म्हणून त्याला बंदीच आहे.

ह्याने शुगर जाते, त्याने वजन उतरतं असले दावे करू नका. ते कायद्यात बसत नाही आणि खरंही नसतं. काय घातलंय ते लिहा, अर्धा चमचा तेल तर अर्धा चमचा तेल, तूप तर तूप. आधी चव. नुसतं हेल्दी आहे म्हणून माणूस एकदा घेतो, चव असेल तरच दुसऱ्यांदा.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, उपवासाचे दिवस सोडू नका. श्रावण, नवरात्र, एकादशी, अंगारकी, अर्धं ऑफिस साबुदाणा वडा नाहीतर वेफर्सवर असतं. तेव्हा राजगिऱ्याचं थालीपीठ, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं लिंबू-मिरची लावून. आमचे कित्येक कायमचे गिऱ्हाईक नवरात्रातून आलेत.

पाच-दहा लाखांशिवाय होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तेच लिज्जत. गिरणगावात कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. त्या खानावळी चाळीतल्या खोलीतच चालायच्या, भाकरी-आमटी-भाजीवर. हे सगळं ह्याच शहरात झालंय, आपल्यासारख्याच घरांतून.

गाळ्याचं शेवटी. रोजच्या ऑर्डरी घरच्या शेगडीला झेपेनाशा झाल्या आणि सहा महिने भाडं भरता येईल एवढे पैसे धंद्यातूनच बाजूला पडले, की मग गाळा बघा, त्याच्या आधी नाही. आणि बघाल तेव्हा स्टेशनकडून ऑफिसकडे जाणाऱ्या बाजूचा बघा, घरी परतणाऱ्या बाजूचा नको, कारण आपला माल सकाळी विकला जातो, संध्याकाळी त्याच माणसाला घरी जाऊन जेवायचं असतं.