‘श्पेटलेझे’ म्हणजे गोड नव्हे, उशिरा खुडलेली

जर्मन वाइनबद्दल एक संदेश कायम फिरत असतो: “तिथं थंडीमुळे द्राक्षं पिकत नाहीत, म्हणून रसात साखर घालतात आणि वाइन गोडच होते. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या गोडीच्या चढत्या पायऱ्या. आणि सगळं पांढऱ्या रीसलिंग द्राक्षाचंच.”

साखर घालतात हे खरं, पण सरसकट नाही. साध्या ‘क्वालिटेट्सवाइन’ला परवानगी आहे. संदेशातली तिन्ही नावं मात्र ‘प्रेडिकाट’ या त्याहून वरच्या दर्जाची, आणि त्यांना कायद्यानं बंदी. शिवाय ही साखर रस आंबून संपण्याआधीच पडते आणि यीस्ट ती खाऊन टाकतं: लिटरमागे १७ ग्रॅमला साधारण १ टक्का अल्कोहोल. म्हणजे वाइन गोड नाही, कडक होते. गोडी राहते ती टाकी थंड करून, यीस्ट गाळून, आंबणं मध्येच थांबवल्यामुळे. किंवा न आंबलेला द्राक्षरस राखून ठेवून शेवटी मिसळल्यामुळे.

पायऱ्यांचा घोळ याहून मोठा. या पायऱ्या बाटलीतली गोडी सांगतच नाहीत. खुडणीच्या वेळी रसात साखर किती होती ते सांगतात. माप ‘ओक्सले’: लिटरभर रस लिटरभर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके ओक्सले. ९० ओक्सलेचा रस म्हणजे लिटरला १.०९ किलो, नाशिकच्या बागायतदाराच्या ब्रिक्समीटरवर तो २१-२२ दाखवेल. मोझेल या वाइन-प्रदेशात लेबलावर श्पेटलेझे लिहायला एवढा रस पुरून उरतो. तो पूर्ण आंबवला तर सुमारे १२ टक्क्यांची ड्राय, म्हणजे गोडी नसलेली वाइन. ८ टक्क्यांवर थांबवला तर लिटरमागे ७० ग्रॅमच्या आसपास साखर शिल्लक. रस तोच, लेबलावरचं नावही तेच.

म्हणून लेबलावर आधी ‘ट्रॉकन’, म्हणजे ड्राय, हा शब्द शोधावा. त्याची मर्यादा लिटरमागे ४ ग्रॅम साखर; आंबटपणा पुरेसा असेल तर ९ पर्यंत, पण साखर आम्लापेक्षा २ ग्रॅमहून जास्त नको. शब्द नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा: ७-९ टक्के म्हणजे बहुधा गोड, १२च्या पुढे बहुधा ड्राय. लेबलावरच्या ‘फाइनहर्ब’ या शब्दावर मात्र विसंबू नका, त्याला कायदेशीर व्याख्याच नाही. एका ठिकाणी संदेश चुकून बरोबर ठरतो: टोपीवर गरुड असलेले व्हीडीपी संघटनेचे उत्पादक प्रेडिकाटची नावं गोड वाइनपुरतीच वापरतात. त्यांच्या सर्वोत्तम मळ्यांतली ड्राय वाइन ‘ग्रोसेस गेवेक्स’ म्हणून येते.

राहिलं रीसलिंग. देशात द्राक्षाखाली सुमारे १ लाख हेक्टर, त्यात रीसलिंग २४ हजारांच्या आसपास, म्हणजे चौथाईच्या आतबाहेर. लाल वाणांचा वाटा जवळपास एक तृतीयांश, आणि त्यात पुढे श्पेटबुर्गुंडर, म्हणजे आपल्याला माहीत असलेलं पिनो न्वार. थंडीचं म्हणाल तर १३ प्रदेशांपैकी बाडेन युरोपीय संघाच्या नियमांत इतर १२ प्रदेशांपेक्षा उबदार पट्ट्यात मोडतो. आणि आर हे खोरं ५० अक्षांशाच्या उत्तरेला असूनही तिथल्या ८० टक्क्यांच्या आसपास वेली लाल द्राक्षांच्या आहेत: अरुंद दरी, दक्षिणेकडे तोंड केलेले उभे चढ, आणि दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी ती ऊब सोडणारा काळा पाटीचा दगड.