सही न करण्याची पॉवर

काल रात्री कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभा होतो, समोर म्हशीची धार चाललेली, हातात फेसाळ ग्लास, आणि आमच्यातला एक म्हणाला राज्यपाल म्हणजे नुसता रबर स्टँप. म्हटलं भावा, कलम 163 वाचलं तर तसंच वाटतंय, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं. पण स्टँप मारलाच नाही तर?

जून 2020 ला विधान परिषदेतल्या राज्यपालनियुक्त 12 जागा रिकाम्या झाल्या. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवेतल्या जाणकारांच्या जागा ह्या (जाणकार कसले असतात ते बघतोयच आपण, असो). नोव्हेंबरात ठाकरे सरकारनं 12 नावं राजभवनावर धाडली, त्यात शेतकरी नेते राजू शेट्टींचं नाव असल्याच्या बातम्या आल्यावर त्यांच्या शिरोळकडं काय चर्चा चाललेली आठवतंय ना? तेव्हाचे राज्यपाल कोश्यारींनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, यादी परत पण पाठवली नाही. ऑगस्ट 2021 ला हायकोर्ट म्हणालं की योग्य वेळेत निर्णय घेणं त्यांचं कर्तव्य आहे. तरी यादी तिथंच. पुढं सरकार गेलं, 2022 ला शिंदे सरकारनं यादीच मागं घेतली. शेवटी 7 जागा भरल्या ऑक्टोबर 2024 मध्ये, आणि शपथ कधी, तर विधानसभेची निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी!

वडिलांच्या माघारी वारस नोंदीचा माझा अर्ज एका ऑफिसात 14 महिने पडून होता. नामंजूर केला असता तर अपील तरी टाकलं असतं, 'साहेबांच्या टेबलावर आहे' ह्याच्यावर अपील कुठं करायचं?

विधेयकाचं पण तेच. कलम 200 मध्ये सही करा, परत पाठवा नाहीतर राष्ट्रपतींकडं धाडा असं आहे, पण किती दिवसात ते नाही. तामिळनाडूच्या केसमध्ये एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टानं मुदत घालून दिली, नोव्हेंबरात पाच न्यायाधीश म्हणाले अशी मुदत कोर्टाला घालता येत नाही, पण कायमचं दाबून पण ठेवता येणार नाही. मग घटनेतच आकडा घाला की, सरकार कुणाचंही असू दे.

आणि वेळ लागतो म्हणून सांगू नका. 23 नोव्हेंबर 2019 ला पहाटे 5.47 ला राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमाराला राजभवनात फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी उरकला पण, आम्ही अजून दात घासत होतो.

दोस्तानं ग्लास ठेवता ठेवता विचारलं, मग तुझी नोंद झाली का नाही?

झाली की. साहेब बदलले त्या आठवड्यात.