जॉईन केल्याने बंद पीसी चालू होत नाही, आणि डीएमझेड लावायचं तर कारणच नाही

टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत माइनक्राफ्ट खेळणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. भाच्याने तो वाचून राउटरची सेटिंगं बदललीसुद्धा, म्हणून हा खटाटोप. मेसेज असा: 'लेझीएमसी टाका, पीसी बंद करून झोपा. मित्राने जॉईन केलं की पीसी आपोआप चालू, हेस्कॉमचं बिल शून्य. चाललं नाही तर राउटरमध्ये डीएमझेड ऑन, फायरवॉल ऑफ, ऑनलाइन-मोड फॉल्स. फोनवाल्यांनाही चालतं. फक्त कधी कधी वर्ल्ड उडतं.' लेझीएमसी म्हणजे घरच्या पीसीवरचा माइनक्राफ्ट सर्व्हर रिकामा असताना झोपवणारं आणि कुणी आलं की उठवणारं छोटं टूल, आणि हेस्कॉम ही आपली वीज कंपनी.

आधी डीएमझेड, कारण बाकीच्या चुकांनी फार तर खेळ बिघडतो, हिने घर उघडं पडतं. डीएमझेड लावलं की बाहेरून येणारी आणि दुसरीकडे न वळवलेली प्रत्येक जोडणी त्या एका पीसीवर जाते. वर फायरवॉलही बंद! म्हणजे फाईल शेअरिंग, रिमोट डेस्कटॉप, जे काही चालू असेल ते सगळं चव्हाट्यावर. लागतं काय? एक पोर्ट, म्हणजे जोडणीचं एक दार, टीसीपी २५५६५. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये तेवढाच द्या आणि राउटरमध्येच पीसीचा आयपी पक्का करा. नाहीतर लाईट जाऊन आली की पीसीला नवा पत्ता मिळू शकतो आणि फॉरवर्ड भलत्याच मोबाईलकडे जातं.

एवढं करूनही बाहेरचा मित्र आत येत नसेल, तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. तिथे डीएमझेडही उपयोगाचं नाही. कंपनीकडून पब्लिक आयपी मागा, किंवा सगळ्या मित्रांनी टेलस्केल टाकून एकाच खाजगी नेटवर्कवर या.

ऑनलाइन-मोडचा तर झोपण्या-उठण्याशी काडीचा संबंध नाही. फॉल्स केलं की खातं तपासणं बंद होतं, कुणीही तुमच्या मित्राचं नाव घालून आत शिरतो. शिवाय प्रत्येक खेळाडूचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, सामान रिकामं दिसतं, आधीचं ऑप (ॲडमिनचा अधिकार) चालत नाही. 'वर्ल्ड उडालं' ही बोंब बऱ्याचदा इथूनच उठत असणार. परत ट्रू केलं की जुनं सामान जागेवर दिसतं.

आता पीसी. लेझीएमसी त्याच पीसीवर चालतं, मग पीसी बंद असताना ऐकणार कोण? 'लेझीएमसी कॉन्फिग जनरेट' ही आज्ञा द्या. सेटिंगची जी टोमल फाईल तयार होते तिच्यात ओळीओळीला खुलासा आहे, मेसेज लिहिणाऱ्याने तेवढी जरी वाचली असती तरी पुरे होतं. पब्लिकखाली ०.०.०.०:२५५६५, म्हणजे टूल दारात बसतं. सर्व्हरखाली १२७.०.०.१:२५५६६, म्हणजे खरा सर्व्हर आतल्या खोलीत. यादीत नुसतं नाव बघितल्याने तो उठत नाही, जॉईन केलं तरच उठतो. टूल खेळाडूला २५ सेकंद थोपवून धरतं. त्यात सर्व्हर उठला नाही तर 'सुरू होतोय, थोड्या वेळाने या' म्हणून परत पाठवतं. लोक यालाच बिघाड समजतात. राउटरवर २५५६६ फॉरवर्ड करणारेही आहेत. त्यांनी टूललाच वळसा घातलेला असतो, मग झोपलेल्या सर्व्हरवर कोण कसं येणार?

झोपतो तो जावाचा प्रोसेस, म्हणजे माइनक्राफ्टचा सर्व्हर, पीसी नव्हे. रिकामा पीसी ५० वॅट घेत असेल तर महिन्याला ३६ युनिट होतात. सर्व्हर झोपल्याने त्यातले थोडे कमी होतील, शून्य कधीच नाही. १.२१.२ पासून माइनक्राफ्ट स्वतःच रिकामं असताना थांबतं, पण रॅम सोडत नाही. खरोखर पीसी बंद ठेवायचा असेल तर वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पीसी चालू करण्याची सोय, लागतं, आणि १०२ बाइटचं ते पॅकेट पाठवायला घरातच कायम चालू असलेलं दुसरं यंत्र. बायॉसमध्ये ईआरपी (बंद पीसीची वीज वाचवणारी सेटिंग) चालू असेल तर तेही चालत नाही.

राहिला वर्ल्ड उडण्याचा मुद्दा, आणि इथे नाईलाजाने थोडं मान्य करतो. लिनक्सवर 'फ्रीझ_प्रोसेस' ट्रू असेल तर सर्व्हर बंद होत नाही, गोठवला जातो. न लिहिलेला डेटा रॅममध्ये राहतो, आणि लाईट गेली की तो गेला. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होणारच. इन्व्हर्टर नसेल तर ते फॉल्स करा, मग प्रत्येक झोपेआधी सर्व्हर सेव्ह करून नीट बंद होतो. उठायला वेळ लागेल, लागू दे. ट्रूच ठेवायचं असेल तर सर्व्हर.प्रॉपर्टीजमध्ये 'मॅक्स-टिक-टाइम' -१ करा. मूळ ६०००० वर ठेवलं तर जागा झालेल्या सर्व्हरला वाटतं की एकच टिक (खेळाचं एक पाऊल) तासभर चालली, आणि वॉचडॉग, म्हणजे अडकलेला सर्व्हर बंद करणारी सोय, त्याला मारून टाकतो. बॅश स्क्रिप्टमधून चालवत असाल तर शेवटची ओळ 'एक्झेक जावा' अशी हवी, नाहीतर बंद करण्याचा सिग्नल स्क्रिप्टपाशीच अडतो. विंडोजवर आरकॉन, म्हणजे सर्व्हरला बाहेरून आज्ञा देण्याची सोय, चालू करावंच लागतं.

फोनवाल्यांचं माइनक्राफ्ट म्हणजे बेडरॉक एडिशन, ते यूडीपी १९१३२ वर बोलतं, लेझीएमसीला फक्त पीसीवरचं जावा एडिशन कळतं. विषय संपला.

मेसेज वाचून काही बदललं असेल तर आजच डीएमझेड ऑफ, फायरवॉल ऑन, ऑनलाइन-मोड ट्रू करा. व्हाइटलिस्ट (ज्यांना आत येऊ द्यायचं त्यांची यादी) चालू करून 'वेक_व्हाइटलिस्ट' ट्रू ठेवा, आणि ऑप्स.जेसन उघडून त्यात एखादं अनोळखी नाव बसलंय का ते बघा.