सूर्यनारायण, दिवे आणि माझी सर्व्हिस

डॉक्टरांनी "रोज घाम गाळा" म्हणून सांगितलं आणि मी पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी चारची टेनिसची वेळ पकडली. त्या वेळी सोसायटीचं कोर्ट रिकामं असतं. ते का रिकामं असतं, याचा विचार करण्याइतकं डोकं पहिल्या गेमनंतर शिल्लकच राहिलं नाही.

टेनिसचं कोर्ट उत्तर-दक्षिण असावं, म्हणजे ऊन थेट डोळ्यांत येत नाही. आमच्या बिल्डरने पार्किंग वाचवायला ते पूर्व-पश्चिम आडवं टाकलंय. सर्व्हिससाठी चेंडू उडवून मान वर करावी, तर चेंडूच्या जागी साक्षात सूर्यनारायण! मग डोळ्यांपुढे हिरव्या-जांभळ्या टिकल्या नाचतात. त्यातली चेंडू कुठली, हे ठरेपर्यंत समोर खेळणारे कर्नलसाहेब "लव्ह–फिफ्टीन" म्हणून पॉइंट घेऊन मोकळे. पिवळा चेंडू १९७२ साली आला तो टीव्हीवर नीट दिसावा म्हणून. मला दिसावा म्हणून अजून कुठला रंग निघालेला नाही. त्यात उन्हाने तापला की तो असा चेकाळून उसळतो, की कमरेपाशी यायचा तो कानशिलाजवळून जातो. कर्नलसाहेबांचं वय ७१, आणि सूर्याकडे पाठ असलेली बाजू कायम त्यांची. दर विषम गेमनंतर बाजू बदलायची असते म्हटलं, तर म्हणतात, "कशाला उगीच चालायचं उन्हाचं?"

म्हणून रात्री आठची वेळ घेतली. यूएस ओपनमध्ये १९७५ पासून रात्री सामने होतात, मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुषांची फायनल २००५ पासून रात्रीच असते, असं घरी पटवून दिलं. "मग जेवायलाही तिकडेच जा," बायको म्हणाली.

रात्री ऊन नसतं, हे खरं. पण चार खांबांवरच्या दिव्यांमुळे माझ्या चार सावल्या पडतात. चौघींचीही पोटं सुटलेली, आणि चेंडूपर्यंत चौघीही माझ्याआधी पोचतात. लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच मारलेला चेंडू, दिव्यांच्या वर गेला की गडप; आम्ही दोघं पावसाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्यांसारखे आभाळाकडे तोंड करून उभे. डिसेंबरात दव पडलं की चेंडूची लोकर ओली होते आणि तो दहीवड्यासारखा जागच्या जागी बसतो. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की वाळवीचे पंखवाले किडे दिव्यांभोवती दाटतात. परवा "आउट" ओरडायला मी तोंड उघडलं, तर एक किडा इन.

काल मात्र नवल घडलं. ५–४, फोर्टी–थर्टी, मॅच पॉइंट माझा, सर्व्हिसही माझी. आयुष्यात पहिल्यांदा. चेंडू अगदी हवा तसा वर उडाला. मी रॅकेट मागे नेली आणि खट्! दहा वाजले होते. वॉचमनने मेन स्विच पाडला.

हात थांबेना. रॅकेटला काहीतरी लागलं. लांब कुठेतरी 'टप्प' झालं. मला माझा हातही दिसत नव्हता.

पलीकडून काळोखातून खणखणीत आवाज आला, "आउट!"