एकवीस, वीस एक आणि घरातली संध्याकाळ

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत वाद पेटला. मराठीची मोडतोड चालली आहे, असा एक सूर. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं मात्र साधं होतं: त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव ही जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, शिवाय आपण बोलतो एकक आधी आणि लिहितो दशक आधी. कन्नड, तेलुगू, इंग्रजीत दशक आधी बोलतात, तिथल्या मुलांना हा गोंधळ सोसावा लागत नाही.

जर्मनीत मूल शाळेत घातलेल्या मराठी आईबापांना हा मुद्दा लगेच पटेल. जर्मनही एकक आधीच बोलतात. त्रेचाळीस म्हणजे 'ड्राय-उंट-फिर्त्सिग', तीन-आणि-चाळीस. ते ऐकून मूल आधी ३ लिहितं, मग ४, आणि होतात ३४. या चुकीला इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, शिक्षकांच्या तोंडी खास शब्द आहे, 'त्सालेनड्रेअर', आकडे फिरवणं. दशक आधी बोलावं म्हणून बोखुम शहरात एक संस्थाही निघाली, पण भाषा जागची हलली नाही. नॉर्वेने मात्र १९५१ मध्ये संसदेत ठराव करून 'एक-आणि-वीस'चं 'वीस-एक' केलं, तेही टेलिफोन नंबर सांगताना चुका होतात म्हणून. जुनी पद्धत पुढे कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी राहिलीच, तरी नॉर्वेजियन भाषेचं काही बिघडलं नाही. म्हणून नारळीकर बाईंचं म्हणणं मला योग्य वाटतं, आणि 'एकोणतीस' टिकावं असंही तितकंच वाटतं. २९ चोक करताना तीस चोक १२०, त्यातून ४ वजा, हा हिशोब त्या शब्दातच दडलेला आहे.

२०२४ मध्ये आणखी एक वाद झाला. दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर पुढे जाऊ द्यावं आणि गुणपत्रिकेवर तसा शेरा मारावा, असा प्रस्ताव आला होता. पुस्तक आणि परीक्षा, दोन्हींवर हिरिरीने बोलून झालं. ज्या आईला किंवा वडिलांना स्वतःलाच गणिताचा तिटकारा आहे, त्यांनी संध्याकाळी मुलाशेजारी बसून काय करायचं, यावर कुणी बोलत नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो.

त्याचं निम्मं उत्तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दिलं. पहिली-दुसरीतल्या मुलांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की गणिताची धास्ती असलेल्या पालकांची मुलं वर्षभरात कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली, पण फक्त ते पालक गृहपाठात वारंवार मदत करत होते तेव्हाच. ज्यांनी हात घातला नाही, त्यांच्या मुलांना पालकांची धास्ती बाधली नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात पालक आणि मुलं मिळून आकड्यांच्या छोट्या गोष्टी वाचून त्यावरचे प्रश्न सोडवत होती. त्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला तो धास्तावलेल्या पालकांच्या मुलांना.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: गणित न आवडणाऱ्या पालकाने गृहपाठाची मास्तरकी सोडावी आणि आकड्यांचा खेळ धरावा. जर्मनीत मास्तरकी सोडणं सोपं जातं. नॉर्डराइन-वेस्टफालेन राज्यात पहिली-दुसरीचा गृहपाठ ३० मिनिटांत संपावा असा दंडक आहे. तेवढ्या वेळात झाला नाही तर वहीत दोन ओळी लिहून द्यायच्या, 'इथपर्यंत आलं, इथे अडलं.' शिक्षकांना नेमकं तेच हवं असतं. आपण बरोबर करून पाठवलेली वही त्यांना काहीच सांगत नाही.

शिवाय पालकाची पद्धत मुलाच्या पद्धतीत घुसली की नवीनच चूक जन्माला येते. ५२ वजा २७ घ्या. आपण वरच्या ५ मधून दशक उसना घेतो, ५ चे ४ करतो. जर्मनीतल्या कित्येक शाळांत वरचा ५ तसाच ठेवून खालच्या २ मध्ये १ मिळवतात, आणि सातात किती घातले म्हणजे बारा होतात, असं विचारतात. दोन्ही पद्धतींनी २५ च येतात. पण घरी एक आणि शाळेत दुसरी शिकलेलं मूल वर ४ करतं, खाली ३ करतं आणि उत्तर लिहितं १५. हे मूल ढ नाही, त्याने दोघांचंही ऐकलं आहे! गुणाकाराला टिंब, भागाकाराला विसर्गासारखी दोन टिंबं, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, या खुणांचंही तसंच. २.५०० म्हणजे इथे अडीच हजार. त्यावरून मुलाला रागावण्याआधी पुस्तकाचं मागचं पान उघडून बघावं.

आता खेळाकडे. पहिला खेळ काड्यापेटीचा. इथल्या पहिलीच्या वर्गात तयार पेटी मिळते, 'श्युटेलबॉक्स', म्हणजे हलवायची पेटी. घरी मोठी काड्यापेटी पुरते. आतल्या खणात मधोमध पुठ्ठ्याची आडभिंत चिकटवा, पण तळाशी चिंचोका सरकेल एवढी फट ठेवा. सुरुवात पाच चिंचोक्यांनी. पेटी हलवा, बाहेरचं कवच अर्धं सरकवा, एकच बाजू दाखवा. तीन दिसतात, तर झाकलेले किती? मुलाने सांगायचं, मग उघडून बघायचं. बरोबर की चूक हे पेटी सांगते, आई सांगत नाही, आणि तिटकारा असलेल्या पालकाला यातच मोकळीक आहे. पाचाची उत्तरं बोटांवर न मोजता यायला लागली की सहा, मग सात, असं दहापर्यंत. रोज पाच-सात मिनिटं. दहाच्या या जोड्यांना इथली मुलं 'फेअरलीब्टे त्सालेन' म्हणतात, प्रेमात पडलेले आकडे: ७ आणि ३, ६ आणि ४.

ह्या जोड्या पक्क्या नसल्या की पुढे काय अडतं, ते ८ अधिक ५ मध्ये दिसतं. आठाला दहा व्हायला दोन हवेत, पाचातून दोन काढले, उरले तीन, झाले तेरा. ज्याला ८ ची जोडी २ आणि ५ ची फोड २ व ३ हे चटकन आठवत नाही, तो नऊ, दहा, अकरा करत बोटं मोजतो. आपण 'बोटं नको' म्हणून दटावलं की तो बाकाखाली मोजतो. बोटं बंद करू नयेत, ती एकदम दाखवायला शिकवावी: सात म्हणजे एक पूर्ण पंजा आणि दोन, एका झटक्यात. एकेक बोट उघडलं की ते पुन्हा मोजणंच झालं.

दुसरा खेळ सापशिडीसारखा, पण पट घरी आखलेला. बाजारच्या पटावर आकडे नागमोडी जातात, त्यामुळे २४ च्या वर ३४ येत नाही, ३७ येतो. आपल्या पटावर दहा बाय दहा घरं, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे. सोंगटी २४ वर आहे आणि फासा ३ पडला, तर 'एक, दोन, तीन' म्हणायचं नाही. 'पंचवीस, सव्वीस, सत्तावीस' म्हणत सरकायचं. फरक एवढासाच, पण आकड्याची जागा त्यातूनच मनात बसते. इथे 'वीस पाच' म्हटलं तरी चालेल, दोन्ही म्हटली तर उत्तमच.

आकडे फिरवणाऱ्या मुलासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापाव्यात. दशकांच्या, १० ते ९०, सहा सेंटिमीटर रुंद. एककांच्या, १ ते ९, तीन सेंटिमीटर. त्रेचाळीस ऐकलं की आधी ४० ची पट्टी ठेवायची, मग तिच्या शून्यावर ३ ची. लिहितानाही पूर्ण शब्द ऐकून दशक आधी. एकक आधी लिहून डावीकडे जागा सोडायची युक्ती मुलं आपणहून शोधतात, दोन अंकांपर्यंत ती चालतेही, पण तीन अंकांचे आकडे आले की फसते.

घड्याळ मात्र मराठी घराची खास देणगी आहे. आपलं 'साडेतीन' म्हणजे तीन होऊन वर अर्धा. जर्मन 'हाल्ब फिअर' म्हणजे चौथ्या तासाचा अर्धा. वेळ एकच, पण नाव एकात तीनचं, दुसऱ्यात चारचं, त्यामुळे भाषांतर करणारं मूल तासभर चुकतं. श्टुटगार्टकडे पावणेचारला 'ड्राय फिअर्टेल फिअर' म्हणतात, तेही चारकडे बघूनच. दीडलाही त्यांच्याकडे एकच शब्द आहे, 'आंडरटहाल्प'. पाव, पाऊण, सव्वा, अडीच हे शब्द स्वयंपाकघरात रोज बोलावेत. इडलीला तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद. दीडपट करायचं तर किती, हे मुलालाच मोजू द्यावं.

जर्मनीचे गोडवे गाण्यासारखं नाही. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जर्मनीला गणितात २०१८ ला ५०० गुण होते, २०२२ ला ४७५ झाले, आणि इथेही चिंता आहे. पण घरात खेळायची सवय इथे अजून आहे. पाच फाशांचा 'क्निफेल' हा खेळ बऱ्याच घरांत असतो. त्यात गुणतक्त्याच्या वरच्या सहा ओळींची (एक ओळ एक्क्यांची, एक दुर्र्यांची, अशा छक्क्यांपर्यंत) बेरीज ६३ झाली की ३५ गुण जास्तीचे मिळतात. बेरीज मुलाने करायची, पालकाने फक्त विचारायचं, खरंच माहीत नसल्यासारखं नव्हे, खरंच माहीत नसताना: ६३ च का? ६० का नाही? कधीतरी मूल प्रत्येक अंकाचे तीन-तीन फासे मांडून बघतं. तीन एक्के, तीन दुर्र्या, तिथून तीन छक्क्यांपर्यंत, आणि बेरीज करत जातं: ३, ९, १८, ३०, ४५, ६३.