डोकं फिरतं ते दिसतं, ताठ झालेला गुडघा दिसत नाही

फुटबॉलमधल्या हिंसेचा विषय निघाला की गाडी फ्रान्सच्या झिदानवर येतेच. ९ जुलै २००६, बर्लिन, वर्ल्डकप फायनल, ११० वं मिनिट आणि इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीत मारलेलं डोकं. रेफरी एलिझोंडोचं लक्ष दुसरीकडे होतं, चौथ्या पंचांनी त्याच्या कानात सांगितलं आणि लाल कार्ड निघालं. कार्ड योग्यच होतं, त्यावर वाद नाही. पण मातेराझ्झी उठला, उरलेला वेळ खेळला आणि शूटआऊटमध्ये स्वतःची पेनल्टी गोलात घालून आला.

आता १९८२ चं सेव्हिल आठवा. फ्रान्स विरुद्ध पश्चिम जर्मनी, वर्ल्डकप सेमीफायनल. फ्रान्सच्या बातिस्तोंने बॉल मारून झाल्यावर जर्मन गोलकीपर शूमाखर उडी घेऊन त्याच्यावर आदळला. बातिस्तों जागेवर बेशुद्ध, दात पडले, मणक्याला इजा. रेफरीने फाऊलसुद्धा दिला नाही, गोल किक दिली, म्हणजे बॉल शूमाखरच्याच संघाला. त्याच शूमाखरने पुढे शूटआऊटमध्ये दोन पेनल्टी अडवल्या आणि जर्मनी फायनलला गेली.

माझं म्हणणं एवढंच, की आपण 'टाळकं सटकलं' या प्रकाराला नको इतके घाबरतो आणि 'बॉलसाठीच गेला होता' या वाक्यावर नको इतका विश्वास ठेवतो. पाय मोडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात.

तो कसा मोडतो ते नीट बघा. मिडफिल्डरचा पहिला टच जड पडतो, बॉल दीड-दोन मीटर पुढे निसटतो. चूक स्वतःची, म्हणून ती भरून काढायची घाई. समोरचाही बॉलवर येतोय. पोहोचायचं तर पाय लांब टाकावा लागतो. पाय लांब टाकला की गुडघा सरळ होतो, पंजा वर उचलला जातो आणि बुटाच्या तळव्याचे स्टड, म्हणजे गवतात रुतणाऱ्या खुंट्या, समोरच्याकडे वळतात. तेवढ्यात मागचा पायही जमिनीवरून सुटतो. आता ब्रेक नाही आणि दिशाही बदलता येत नाही. समोरच्याने क्षणभर आधी बॉल ढकलला, की हा पाय बॉलवरून घसरून थेट घोट्याच्या वर, नडगीच्या खालच्या भागावर बसतो. त्या क्षणी समोरच्याचा पाय हवेत असेल तर तो झटका खाऊन बाजूला जातो, निळंजांभळं पडून भागतं. पण त्याच पायावर अंगाचा भार असेल आणि स्टड गवतात रुतलेले असतील, तर पायाला निसटायला जागा नसते. सगळा जोर हाडावर आणि सांध्यावर येतो. शिनगार्ड समोरचा मार झेलतो, घोटा वाकण्यापासून वाचवत नाही.

यात राग कुठे आहे? फार तर स्वतःच्या त्या जड टचवरचा. म्हणूनच 'तो तसा खेळाडू नाही हो' हे वाक्य खरं असूनही बिनकामाचं आहे.

फेब्रुवारी २००८ मध्ये बर्मिंगहॅम-आर्सेनल सामन्याच्या तिसऱ्या मिनिटाला बर्मिंगहॅमच्या मार्टिन टेलरचा पाय आर्सेनलच्या एदुआर्दोच्या पायावर असाच बसला. हाड मोडलं, घोटा निखळला. एदुआर्दो जवळपास वर्षभर बाहेर, टेलरला तीन सामन्यांची बंदी. त्याच इंग्लंडमध्ये २०१३ साली सुआरेझ इव्हानोविचच्या दंडाला चावला आणि त्याला दहा सामने बसवलं. चावणं किळसवाणं आहे, शिक्षा हवीच. पण तीनाला दहा हे गणित मला कधीच पटलेलं नाही.

नियमाच्या पुस्तकात खरं तर गोष्ट साफ आहे. निष्काळजी चॅलेंज असेल तर नुसती फ्री किक. समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता गेलात तर पिवळं. जोर गरजेपेक्षा जास्त असेल किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आली, तर लाल. 'आधी बॉल लागला' ही सबब या तिन्हींत कुठेच नाही. बॉलच्या झटापटीत झालं तर त्याला 'सीरियस फाऊल प्ले' म्हणतात. बॉलचा संबंध नसताना मारलं तर 'व्हायोलंट कंडक्ट', आणि त्यात नुसता प्रयत्नही पुरतो. हुकलेल्या बुक्कीलाही लाल कार्ड आहे. स्टड दाखवत केलेली झेपही स्पर्शाविना लाल ठरू शकते, पण समोरचा उडी मारून वाचला की प्रत्यक्षात बहुतेकदा पिवळ्यावर भागतं. वाचणाऱ्याच्या चपळाईचा फायदा मारणाऱ्याला!

व्हीएआर, म्हणजे रिप्ले बघून रेफरीला मदत करणारे पंच, आल्यावर थोडं सुधारलंय, तरी रिप्ले कसा बघायचा हे महत्त्वाचं. स्लो मोशन फक्त स्पर्श नेमका कुठे झाला ते बघायला. जोर किती होता ते ठरवायचं तर चित्रफीत नेहमीच्या वेगानेच बघावी लागते. थांबवलेल्या चित्रात प्रत्येक टॅकल खुनी दिसतो.

रागाचे फाऊल वेगळे, आणि त्यातला बळी बहुतेक वेळा मारणाराच असतो. १९९८ च्या वर्ल्डकपमध्ये अर्जेंटिनाच्या सिमिओनेने फाऊल करून पाडल्यावर इंग्लंडच्या बेकहॅमने जमिनीवर पडल्यापडल्या त्याला लाथ घातली. जोर काहीच नव्हता, पण रेफरी नील्सन चार पावलांवर उभा. सिमिओनेला पिवळं, बेकहॅमला लाल, इंग्लंड उरलेला सामना दहा जणांत. पहिल्या फाऊलच्या शिट्टीने सगळ्यांचे डोळे तिथे वळतात, म्हणून उत्तरादाखल मारलेली लाथ कधीच लपत नाही.

थंड डोक्याचा तिसरा प्रकारही आहे. १९९७ मध्ये आल्फ-इंगे हालांडला (आजच्या एर्लिंग हालांडचे वडील) अडवताना मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनचं गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, वर हालांडने त्याला नाटकी ठरवलं. एप्रिल २००१ मध्ये कीनने हिशोब चुकता केला, स्टड थेट गुडघ्यावर. तेव्हा तीन सामने. पुढच्या वर्षी आत्मचरित्रात हेतू कबूल केल्यावर आणखी पाच सामने आणि दीड लाख पौंड दंड. म्हणजे फाऊलपेक्षा कबुली महागात पडली.

मग दुखापत मोठी तर बंदी मोठी करायची का? नाही. मोडणं न मोडणं हा मार खाणाऱ्याच्या त्या पायावर भार होता की नाही याचा खेळ आहे, त्यावर शिक्षा बेतली तर ती लॉटरी होईल. माझ्या मते गुडघा ताठ, स्टड समोर आणि दोन्ही पाय हवेत, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की किमान सहा सामने, मग समोरचा वाचला असला तरी.

आणि कोचकडून एक अपेक्षा. पिवळं घेतलेला डिफेंडर शिस्तीवर लेक्चर ऐकून सुधारत नाही. तो दमल्यावर अर्धं पाऊल उशिरा पोहोचायला लागतो, आणि ते बेंचवरून दिसतं. सलग दोनदा त्याने बॉलऐवजी माणसाला गाठलं की बदली करा. बॉल हरवल्यावर झेप न घेता तीन पावलं मागे वळून, अंग तिरकं धरून समोरच्याला बाहेरच्या बाजूला ढकलत नेणं, हे सरावात रोज घ्या, तेही खेळाडू दमलेले असताना, शेवटच्या पंधरा मिनिटांत.